बाजार उठला, समिती बसली

शनिवारी रात्री फोनवर निमंत्रण आलं. ‘चला, बाजारपेठ वाचवू या! मध्यवर्ती बाजाराच्या पुनरुज्जीवनासाठी व्यापक विचारविनिमय बैठक.’ स्थळ नगरच्या सावेडीतलं एक मंगल कार्यालय. खाली ठळक अक्षरांत ओळ: ‘प्रशस्त पार्किंग उपलब्ध.’

रोगाचं निदान पत्रिकेतच छापून आलं होतं. बैठकीची गरज खरं तर तिथंच संपली.

तरी गेलो. अशा ठिकाणी पोहे चांगले असतात.

स्टेजवर अकरा खुर्च्या. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार, निमंत्रक, समन्वयक, मार्गदर्शक आणि प्रमुख मार्गदर्शक. संस्था अजून नोंदवायची होती. पदं मात्र भरून झाली होती. आपल्याकडे बारसं आधी होतं, बाळ सवडीनं.

शेजारच्या गृहस्थांना हळूच विचारलं, यातल्या किती जणांचं दुकान बाजारात आहे? त्यांनी बोटांवर मोजलं. चौघांचं. आणि राहायला किती जण तिकडं? त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांचा पगार विचारला. “तिथं राहतंय कोण आता? सगळे इकडंच.”

इकडं म्हणजे सावेडी, गुलमोहर रोड, पाइपलाइन रोड. गल्ला जुन्या गावात, गाद्या-गिरद्या नव्या गावात आणि काळजी स्टेजवर.

पहिल्या वक्त्यानं १४९० पासून सुरुवात केली. मलिक अहमदनं शहर वसवलं, त्याच्या वैभवाची तुलना कैरो आणि बगदादशी झाली वगैरे. दुसऱ्यानंही कैरोच घेतलं. तिसरा म्हणाला, “आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच आहे,” आणि मग सगळं पुन्हा सांगितलं. नगरच्या प्रत्येक सभेत कैरो येतं, बगदाद येतं.

गिऱ्हाईक तेवढं येत नाही.

संस्था ‘ना नफा’ तत्त्वावर चालणार, असं अध्यक्षांनी जाहीर केलं तेव्हा टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतला एक कापडवाला पुटपुटला, “आमचं दुकानही गेली तीन वर्षं त्याच तत्त्वावर चाललंय.” दुकानदाराचा जो आजार, तो संस्थेच्या घटनेतला उद्देश. आता औषध कोण कोणाला देणार?

*

या जिल्ह्याला पुढाऱ्यांचा तोटा कधीच नव्हता. पुढाऱ्यांचंच काय, चांगल्या माणसांचंही पीक इथं भरपूर आलं.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायांना त्यांनी गावची आरोग्यसेविका केलं. जग ते बघायला आलं. १९७५ मध्ये अण्णा हजारे राळेगणला परतले. १९८९ मध्ये पोपटराव पवार हिवरे बाजारचे सरपंच झाले. त्याच्याही कितीतरी आधी विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला. २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत पोपटराव होते आणि अकोले तालुक्यातल्या बियाणंवाल्या राहीबाई पोपेरेही. एकाच वर्षी, एकाच जिल्ह्यातून दोघं.

सगळी गावाकडची!

शहरात स्नेहालय आहे, १९८९ पासून. मोठंच काम. पण ते माणसांसाठी. पेठेसाठी, गल्लीसाठी, मोची गल्लीच्या तोंडाशी अडकलेल्या रिक्षासाठी कोण आहे? ओसाड माळ हिरवा कसा करायचा हे जगाला नगर जिल्ह्यानं शिकवलं. भरलेला बाजार ओसाड कसा होतो, हे नगर शहर विनामूल्य दाखवतं.

आणि योगायोग बघा. जिल्ह्यातल्या सगळ्यात गाजलेल्या गावाच्या नावातच ‘बाजार’ आहे. शहरापासून पंधरा-सतरा किलोमीटरवर. समितीनं गाडी काढली तर पोहे निवायच्या आत जाऊन येता येईल.

तिथं काय केलं? पंचसूत्री. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. चार बंद्या आणि एक काम, पाचही स्वतःवर. आपल्या समित्यांचं सूत्र नेमकं उलटं. काम दुसऱ्यानं करायचं आणि बंदी तिसऱ्यावर घालायची.

हिवरे बाजारात पाऊस मोजतात. किती पडला, किती मुरला, विहिरीत किती राहिला, याचा ताळेबंद गावासमोर मांडतात आणि मग कोणतं पीक घ्यायचं ते ठरतं. बाजारातही ताळेबंद असतो. पण तो शेजाऱ्याला दाखवायचा नसतो, भावाला दाखवायचा नसतो आणि जीएसटीवाल्याला तर नसतोच नसतो.

आणखी एक बारीकशी गोष्ट. पोपटराव हिवरे बाजारातच राहतात.

*

बाजाराची पंचसूत्री लिहायला कुणी बसलंच, तर पहिली बंदी घालावी लागेल ओट्यावर. ओटाबंदी.

कापड बाजारातलं कुठलंही दुकान घ्या. दुकान दहा फुटांचं. दुकानापुढं पायरी. पायरीपुढं ओटा. ओट्यापुढं साड्या नेसवलेले तीन पुतळे. पुतळ्यांपुढं मालकाची स्कूटर. स्कूटरला टेकवलेली पाटी: ‘दुकानापुढे गाडी लावू नये. हवा सोडली जाईल.’ त्याच्यापुढं जो रस्ता उरतो, तो हातगाडीचा. हातगाडीतून जे उरतं, ते गिऱ्हाइकाचं.

आणि हाच मालक बैठकीत अतिक्रमणावर बोलतो. अगदी पोटतिडकीनं बोलतो. पुतळे अतिक्रमणात येतात हे त्याला पटत नाही, कारण ते काही विकत नाहीत, नुसते उभे असतात. तसे तर स्टेजवरचेही.

मागच्या लग्नसराईत याच बाजारात एका ओळखीच्या दुकानात बसलो होतो. तिसरी पिढी गादीवर. पांढरी चादर, लोड, कोपऱ्यात देवाचा फोटो आणि त्याच्याखाली क्यूआर कोड. पाथर्डीकडून बस्ता आला. बस्ता म्हणजे साडी घ्यायला चार माणसं येतात असं नव्हे, दोन घरं येतात. वरमाई, वधूमाई, दोन्हीकडच्या आत्या, एक जाणती चुलती, जिच्या ‘हं’वाचून घडी मोडायची नाही, आणि एक मामा, जो फक्त बिलाच्या वेळी जागा होतो.

पहिल्या अर्ध्या तासात नोकरानं साठेक साड्या उलगडल्या. “शालू दाखव.” “नारायणपेठ दाखव.” “मानपानाच्या काढ हलक्यातल्या, पण हलक्या दिसायला नकोत.” हे वाक्य ज्याला कळतं, त्यालाच कापडाचा धंदा कळतो. मोबाइलवरच्या दुकानाला ते अजून कळलेलं नाही. बाजाराची खरी ताकद ती. चुलतीच्या भुवईवरून भाव ओळखणारा माणूस.

मी विचारलं, गाडी कुठं लावली? मामा म्हणाला, “लावलीच नाही. ड्रायव्हर फिरवतोय.” तीन तास ती जीप माळीवाड्याकडून दिल्ली गेटकडं आणि दिल्ली गेटकडून माळीवाड्याकडं प्रदक्षिणा घालत होती. इतक्या प्रदक्षिणा तर वरमाईनं मारुतीलाही घातल्या नसतील.

मग तासाभरानं वधूमाईनं नोकराला जवळ बोलावून हळूच काही विचारलं. नोकरानं शेठकडं पाहिलं. शेठनं भाच्याकडं. भाच्यानं छताकडं. वरच्या मजल्यावर, गोदामाच्या मागं, ठाणांच्या गठ्ठ्यांतून वाट काढत एक दार. दाराला कडी नाही. बाहेर एक आत्या पाठ टेकवून पहाऱ्याला उभी.

अठ्ठ्याऐंशी हजारांचा बस्ता. आणि दाराला कडी नाही!

जाताना पायरीवरून उतरता उतरता वरमाई म्हणाली, “धाकटीचा बस्ता येवल्याला करू बाई. तिथं गाडी दारात लागती म्हणं.” शेठनं हसून हात जोडले. ऐकू आलं नाही असं दाखवलं. ऐकू आलं होतं.

बाजार का उठतात यावर लोक प्रबंध लिहितात. जागतिकीकरण, ऑनलाइन, मॉल. असेलही. पण हा बस्ता कडीपायी उठला.

*

बैठकीत सादरीकरण झालं. पडद्यावर हेरिटेज वॉक, फूड स्ट्रीट, सेल्फी पॉइंट, दगडी फरशी, जुन्या धाटणीचे दिवे आणि शहराच्या नावाआधी लाल बदाम असलेली मोठ्ठी अक्षरं. चित्रातल्या बाजारात सगळी माणसं गोरी, बारीक आणि मोकळ्या हातांची. एकाच्याही हातात पिशवी नाही.

म्हणजे चित्रातही खरेदी होत नव्हती.

मी हात वर केला. स्वच्छतागृह कुठं दाखवलंय? सादरीकरणवाला तरुण मागं-पुढं करून थांबला. “ते फेज टूमध्ये आहे, सर.”

फेज वनमध्ये सेल्फी. निसर्गानंही आता टप्प्याटप्प्यानंच यावं.

जगात हे काम लोकांनी केलंय, आणि आपल्यापेक्षा फार वेगळ्या कारणानं नाही. टोरंटोत ब्लूर नावाच्या रस्त्याखालून साठच्या दशकाच्या अखेरीस भुयारी रेल्वे गेली. रस्त्यावरून जाणारं गिऱ्हाईक जमिनीखालून जाऊ लागलं. मॉल उघडले होतेच. तिथले दुकानदार शहराकडं गेले आणि म्हणाले, आमच्या रस्त्यापुरता एक कायदा करा. या पट्ट्यातला प्रत्येक दुकानदार ठरलेली रक्कम देईल, त्यातून आम्ही दिवे, बाकडी, झाडं, जाहिरात बघू. १९७० साली तसा पट्टा झाला. जगातला पहिला मानतात त्याला.

आपल्याकडं १९ नोव्हेंबर २०२२ ला सक्कर चौकाकडून तीनेक किलोमीटरचा उड्डाणपूल सुरू झाला. पुण्याहून संभाजीनगरला जाणारा आता नगरच्या डोक्यावरून जातो. सोय झाली, प्रश्नच नाही. टोरंटोत गिऱ्हाईक खालून गेलं, नगरात वरून. दुकानदार दोन्हीकडं मधल्या मजल्यावर.

फरक एवढाच, की टोरंटोवाल्यांनी वर्गणी काढली नाही, पट्टी लावून घेतली. वर्गणी आणि पट्टी यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. वर्गणी पावतीपुस्तक दिसलं की दुकानातून बाहेर जाते. पट्टी घरी येऊन बसते.

नगरात बाजारासाठी अशी पट्टी लावायची म्हणा. “आधी घरपट्टीचं काय झालं ते सांगा” इथून जे सुरू होईल, ते कैरोपर्यंत जाऊन परत येईल.

अमेरिकेतही गावागावांतल्या मेन स्ट्रीट ओस पडल्या होत्या. जुन्या वास्तू जपणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेनं १९७७ मध्ये तीन छोट्या गावांत प्रयोग केला आणि १९८० पासून तो देशभर नेला. त्यांनी पहिलं काय केलं? प्रत्येक गावात एक पूर्णवेळ माणूस नेमला. त्या रस्त्यावर रोज चालणारा. कोणतं दुकान रिकामं आहे, कोणाचा मुलगा गादीवर बसायला तयार नाही, कोणत्या दिव्याची काच फुटलीय, हे ज्याच्या वहीत आहे असा.

पगारी!

हा शब्द उच्चारला की आपल्या समाजसेवेला घाम फुटतो. अकरा पदाधिकारी फुकट, शाली-नारळ वर्षाचे पंचवीस, स्मरणिका आर्ट पेपरवर. पण एका माणसाला महिन्याला पगार द्यायचा म्हटलं, की खजिनदार चष्मा काढून पुसायला लागतात. फुकट काम करणाऱ्याला जाब विचारता येत नाही, ही त्यातली खरी सोय.

*

मुंबईचं उदाहरण एका वक्त्यानं दिलंच. काळा घोडा. १९९८ साली तिथं असोसिएशन झाली, पुढच्या वर्षीपासून महोत्सव सुरू झाला, परिसराचा नूर पालटला. सगळं खरं. पण त्या घोड्याची गोष्ट त्यांनी सांगितली नाही. एडवर्ड राजाचा तो पुतळा १९६५ मध्येच हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला होता. म्हणजे संस्था निघाली तेव्हा काळ्या घोड्याच्या चौकात घोडाच नव्हता. २०१७ मध्ये नवा घोडा बसवला, तो बिनस्वाराचा.

आपल्या संस्थेत अकरा स्वार आहेत. घोडा तेवढा पाहायचाय.

भेंडी बाजाराचं नाव कोणी काढलं नाही. काढायला हवं होतं. सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्ट, २००९. साडेसोळा एकर, अडीचशेच्या आसपास इमारती, ३२०० कुटुंबं, साडेबाराशे दुकानं. दाऊदी बोहरा समाजाचे तेव्हाचे धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांच्या पुढाकारानं एवढा मोठा पसारा हलला, तरी वर्षानुवर्षं चाललंय. मधल्या काळात, २०१७ च्या ऑगस्टमध्ये, तिथली हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून जास्त माणसं गेली. जुन्या पेठा समितीच्या पुढच्या तारखेपर्यंत थांबत नाहीत.

नगरच्या वाड्यांकडं एकदा मान वर करून बघा. खाली दुकानाला ग्रॅनाइट, वर पिंपळ.

वर पिंपळ का? कारण खाली भाडेकरू आजोबांच्या काळापासून आहे आणि भाडंही जवळपास त्याच काळातलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. वर्षाला चार टक्के वाढ. महिन्याचं भाडं साठ रुपये असेल, तर वाढ दोन रुपये चाळीस पैसे. तेवढ्यात मालक सागवानी तुळई बदलणार? मालक वाडा पडायची वाट बघतो, भाडेकरू मालकाची. दोघं दिवाळीला एकमेकांना फराळ पाठवतात.

यावर समितीचं मत? समितीत मालक तीन आणि भाडेकरू एक. म्हणून मत नाही.

पैशांचं काय, असंही कोणीतरी विचारलं. “सीएसआर!” अकराही जण एका सुरात म्हणाले. कंपन्यांचा दोन टक्के निधी, २०१४ पासून. नागापूरला एमआयडीसी आहे, सुप्याला आहे, काय कमी आहे? कमी एवढंच आहे, की कंपनी कायद्याला एक सातवी अनुसूची जोडलेली आहे आणि तिच्यात पैसे कशावर खर्चायचे ते लिहिलंय. ग्रामीण विकास आहे. झोपडपट्टी विकास आहे. ऐतिहासिक वास्तू आहेत. ‘बाजारपेठ’ असा शब्द नाही. बाजार हा खेड्याएवढा गरीब नाही आणि किल्ल्याएवढा जुना नाही. मधल्यामधे लटकलेला.

त्या अनुसूचीत पोहोचायला एकच वाट. बाजार आणखी पडू द्यायचा. मग तो ऐतिहासिक वास्तूत बसेल. त्या कामात मात्र समितीची प्रगती समाधानकारक आहे.

*

मग आला हॉकर्सचा विषय. सभेत जान आली. तोवर डुलकी घेणारे प्रमुख मार्गदर्शकही सावरून बसले.

२०१४ चा पथविक्रेता कायदा काय म्हणतो, हे सांगायला कोणी उठलं नाही. शहराच्या, प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना जागा द्यायची. त्यासाठी नगर पथविक्रेता समिती. तिच्यात किमान चाळीस टक्के पथविक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी, त्यांतल्या एक तृतीयांश बायका. आणि किमान दहा टक्के जागा स्वयंसेवी संस्थांना.

म्हणजे संस्थेसाठी कायद्यानंच खुर्ची राखून ठेवलीय. तरी तिच्यासाठी इथं कोणी भांडत नाही. त्या खुर्चीच्या शेजारी टिकल्या विकणारी बसते ना!

फेरीवाला नको, हे सगळ्यांचं ठरलेलं. पण फॉल-पिको करून देणारा, ब्लाऊजला मॅचिंग लेस देणारा, बांगड्या भरणारी, आणि बस्ता आटपेपर्यंत पोरांना गप्प ठेवणारा कुल्फीवाला नको असेल, तर बाजारात आणि गोदामात फरक काय राहतो? शटर तर गोदामालाही असतं.

एक ठराव मात्र झटक्यात मंजूर झाला. बाजाराच्या तोंडाशी पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावाची भव्य कमान.

त्यांच्याच नावावरून नगरच्या नामांतराची घोषणा चौंडीत झाली, २०२३ च्या मे महिन्यात. २०२४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झालं. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, लेटरहेडं बदलली. छापखान्यांना बरा धंदा झाला. तेवढं पुनरुज्जीवन समितीवाचून होऊनही गेलं.

पण जिचं नाव घेतलं, त्या बाईनं महेश्वरला काय केलं होतं? विणकर आणून वसवले. माग बसवले. महेश्वरी साडी ही त्यातून उभी राहिलेली गोष्ट. राजधानीच्या गावाला पोट पाहिजे, हे तिला अठराव्या शतकात कळलं होतं. पुढं तो धंदा विसाव्या शतकात मोडकळीला आला, तेव्हा सत्तरच्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेहवा सोसायटी काढली. ना नफा तत्त्वावरच. पण त्यांनी कमान बांधली नाही. बायकांना मागावर बसवलं.

नगरला नाव आलं. माग महेश्वरलाच राहिला.

आणि मागाशी नगरचं काही नातं नव्हतं असंही नाही. तोफखान्यातल्या पद्मशाली घरांत मागाचा आवाज ऐकलेली माणसं अजून भेटतील. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मराठी मिशनचे चर्चिल नावाचे एक इंजिनिअर याच शहरात हातमाग सुधारत बसले होते, विणकराचा वेग कसा वाढेल म्हणून. विन्स्टन नव्हे, हे डी. सी. चर्चिल. त्यांच्या नावाचा चौक नाही. मागाचं काम करणाऱ्यांचे चौक होत नाहीत, चौकात उभं राहून बोलणाऱ्यांचे होतात.

शेवटी सत्कार. अकरा जणांनी अकरा जणांना शाली घातल्या. माझ्या शेजारच्या गृहस्थांनाही ज्येष्ठ म्हणून एक मिळाली. त्यांनी घडी उलटून लेबल वाचलं. सुरत. सहसचिव जवळच होते, खुलासा त्यांनीच केला. “ऑनलाइन मागवल्या. नगापाठीमागं चाळीस रुपये वाचले.”

कापड बाजार वाचवायच्या सभेत चारशे ऐंशी रुपये वाचले. काहीतरी वाचलं.

पुढं काय, याबद्दल तीन उपसमित्या नेमल्या: सुशोभीकरण, जनजागृती आणि घटना. घटना-समिती सगळ्यात मोठी. संस्था सोसायटी म्हणून नोंदवायची, ट्रस्ट म्हणून, की कंपनी कायद्याच्या कलम आठखाली, यावर दोन वकिलांत जुंपली. एकदा ट्रस्ट झाला, की विश्वस्त बदलले तर धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट. चेंज रिपोर्टावर हरकत. हरकतीवर तारीख. कित्येक संस्थांचं सगळं आयुष्य त्या एका रिपोर्टात जातं. त्यात चेंज तेवढा नसतो.

*

संध्याकाळी चहा प्यायला जुन्या गावात गेलो. गाडी कुठं लावली ते विचारू नका.

कापड बाजाराच्या कोपऱ्यावर एक मावशी नेहमी बसतात. एक गोणपाट, त्यावर टिकल्यांची पाकिटं, केसांची रबरं, पिना, नेलपेंट, सेफ्टी पिनांचे जुडगे. सगळा माल दोन पिशव्यांत मावतो. बसतात कुणाच्या पायरीशी, ते सांगत नाही. त्या पायरीचा मालक सकाळी स्टेजवर होता.

“कुठून, दादा?”

“बैठकीहून. बाजाराच्या.”

पाकिटं लावणारा हात थांबला. “झाली का मिटिंग? मग गाडी उद्या येती का परवा?”

“कसली गाडी?”

“अतिक्रमणची. मागल्या मिटिंगला दुसऱ्याच दिवशी आलती. चार दिस बसून नाही दिलं. पाचव्या दिशी सगळं होतं तसं.”

पुढची बैठक कधी आहे, तेही मावशींनी विचारून घेतलं. एक तारखेनंतरचा रविवार, म्हणालो. त्यांनी बोटांवर हिशेब केला, मधे कोणता सण येतो ते पाहिलं, आणि एक पिशवी बांधून बाजूला सारली.

“मंग त्या आठवड्याला टिकल्या कमीच भरते.”